आधी वाट, मग वीज, शेवटी वाडी

४ जून २०२० च्या पहाटे पश्चिम विदर्भावर ढग आले, तोवर त्यांचे वादळपण गळून पडले होते. आदल्या दिवशी दुपारी कोकणच्या किनाऱ्यावर तीव्र चक्रीवादळ म्हणून आदळलेला ‘निसर्ग’ सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे सरकत गेला आणि जमिनीवर जसजसा आत शिरला तसतसा क्षीण होत गेला. मोताळा, मलकापूर, बुलढाणा या बाजूच्या माणसाला गारपीट ठाऊक आहे, अवकाळी ठाऊक आहे, नळगंगेला आलेला पूर ठाऊक आहे. समुद्रावरून येणारे वादळ मात्र त्याच्या लेखी टीव्हीवर पाहायची गोष्ट. त्या सकाळी आपल्या डोक्यावरचे आभाळ आदल्या दिवशी श्रीवर्धनची कौले उडवून आले आहे, हे इथे फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

किनाऱ्यावर त्याच वेळी घराघरांतून माणसे बाहेर पडत होती. कोयते, कुऱ्हाडी, पहारी हातात घेऊन ती आधी अंगणात, मग पाखाडीवर आणि मग गावच्या रस्त्यावर उतरली. पुढच्या काही दिवसांत, काही आठवड्यांत आणि काही वर्षांत तिथे जे घडले, ते वादळाच्या त्या तीन तासांपेक्षा जास्त शिकवणारे आहे.

तापलेला समुद्र, बंद पडलेले राज्य

अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा शांत, अशी आपली जुनी समजूत होती आणि ती बरीचशी खरीही होती. ओडिशा आणि आंध्रला वादळांची सवय झाली होती, तशी ती कोकणाला नव्हती. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला याआधी लक्षात राहिलेला तडाखा म्हणजे नोव्हेंबर २००९ चा ‘फयान’. पण २०१९ या एकाच वर्षात अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळे झाली. पाणी तापले की वादळाला खाद्य मिळते, आणि २०२० च्या मे अखेरीस पूर्व अरबी समुद्राचे पाणी चांगलेच तापलेले होते.

१ जूनला समुद्रात कमी दाबाची प्रणाली ठळक झाली, २ जूनच्या दुपारपर्यंत तिचे चक्रीवादळ झाले आणि ३ जूनच्या पहाटे ते ‘तीव्र’ गटात गेले. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांसाठी त्या वर्षी १६९ नावांची नवी यादी तयार झाली होती, तिच्यातले हे पहिलेच नाव. जुन्या यादीतले शेवटचे नाव ‘अम्फान’ दोनच आठवड्यांपूर्वी पश्चिम बंगालमध्ये वापरून झाले होते.

राज्य तेव्हा वेगळ्याच संकटात होते. २५ मार्चपासून टाळेबंदी होती. एसटी जवळपास ठप्प होती. मुंबईतले चाकरमानी मिळेल त्या वाहनाने, काही तर पायी, कोकणातल्या गावी परतले होते आणि बाहेरून आलेल्यांना गावोगावच्या शाळांत वेगळे ठेवले जात होते. सरकारने निर्बंध सैल करण्याच्या मोहिमेला ‘पुनश्च हरिओम’ म्हटले होते. तिचा पहिला टप्पा सुरू होण्याची तारीख होती ३ जून. म्हणजे ज्या दिवशी दारे उघडायची, नेमक्या त्याच दिवशी दारे लावून घरात बसा, असे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना आदल्या दिवशी लोकांना सांगावे लागले.

तयारी मात्र वेळेवर झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पाठवल्या गेल्या. जिल्हाधिकारी निधी चौधरी यांच्या प्रशासनाने रायगडच्या किनारी गावांतून तेरा हजारांहून अधिक लोकांना सुरक्षित जागी हलवले. कच्च्या घरातली माणसे शाळांत न्यायची, आणि तिथे अंतरही राखायचे, असे हे दुहेरी काम होते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर उभारलेल्या तात्पुरत्या करोना रुग्णालयातले सुमारे दीडशे रुग्ण आदल्या दिवशीच वरळीला हलवले गेले.

तीन तास

वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या आसपास जमिनीवर येईल, असा अंदाज होता. सगळ्यांच्या नजरा मुंबईवर होत्या. प्रत्यक्षात ते अलिबागच्या दक्षिणेला आले. ३ जूनच्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान त्याने जमीन गाठली, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत त्याहून जोराचे होते.

आपल्या गोलार्धात वादळाच्या प्रवासाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले तर उजव्या हाताची बाजू जास्त मार खाते, कारण तिथे वादळाचा स्वतःचा वेग आणि फिरत्या वाऱ्याचा वेग यांची बेरीज होते. निसर्ग ईशान्येला चालला होता, म्हणून त्याच्या उजव्या हाताला दक्षिणेकडचे तालुके आले. मुंबई डाव्या हाताला राहिली आणि बचावली. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, तळा, माणगाव आणि खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड, दापोली यांच्या वाट्याला खरा तडाखा आला. जिथून वादळाचा मध्य गेला तिथे वारा आधी एका दिशेने आला आणि मग उलटून दुसऱ्या दिशेने. पहिल्या वाऱ्याने हलवलेली झाडे दुसऱ्याने पाडली.

पत्रे उडाले. मंगलोरी कौले ओळीच्या ओळीने निघाली. किनाऱ्यावरची सुरूची बने आडवी झाली. विजेचे खांब वाकले, मोडले, काही मुळापासून उपटले, आणि त्यांच्याबरोबर मोबाइलचे मनोरेही बंद पडले. रत्नागिरीजवळ ‘बसरा स्टार’ हे जहाज नांगर तुटून मिऱ्याच्या किनाऱ्याला लागले. त्यावरच्या १३ खलाशांना सुखरूप उतरवण्यात आले. मुंबई विमानतळावर एक मालवाहू विमान उतरताना धावपट्टीपुढे घसरत गेले, आणि संध्याकाळपर्यंत विमानतळ बंद राहिला. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरची वाहतूक थांबवली गेली. मुंबईहून सुटणाऱ्या काही विशेष रेल्वेगाड्यांच्या वेळा पुढे गेल्या, काहींचे मार्ग बदलले.

राज्यात सहा जणांचा मृत्यू झाला. एवढ्या मोठ्या वादळाच्या मानाने हा आकडा लहान आहे, आणि तो लहान राहिला याचे श्रेय अचूक इशाऱ्यांना आणि वेळेवरच्या स्थलांतराला द्यावे लागते. पण त्याचा एक उलटा परिणाम झाला. मृतांचा आकडा लहान, मुंबई सुखरूप आणि किनाऱ्यावरचे फोन बंद. त्यामुळे संकट टळले, असे पहिल्या दिवशी राज्याला वाटले. श्रीवर्धन-दिवेआगरची अवस्था बाहेर कळायला वेळ लागला, कारण सांगणाराच संपर्काबाहेर होता.

आधी वाट

कोकणच्या किनाऱ्याचे भूगोलाने करून ठेवलेले एक दुखणे आहे. मुंबई-गोवा महामार्ग आतून जातो. किनाऱ्यावरच्या गावांना त्याच्याशी जोडणारे रस्ते अरुंद, वळणावळणाचे, घाटांतून आणि झाडीतून जाणारे आहेत. माणगावहून म्हसळ्यामार्गे श्रीवर्धन, अलिबागहून रेवदंडा-काशीदमार्गे मुरुड, आणि महामार्ग सोडून दापोली-मंडणगडकडे उतरणारे फाटे, या मोजक्या वाटांवर सारा किनारा अवलंबून असतो. एरवी पर्यटक ज्या सावलीचे कौतुक करतात तीच झाडे ३ जूनच्या संध्याकाळी रस्त्यावर आडवी होती. काही ठिकाणी शंभर पावलांत चार-चार.

ही झाडे हटवणे म्हणजे नुसते तोडणे नव्हे. पडलेल्या झाडात विजेच्या तारा अडकलेल्या असतात. पुरवठा आधीच बंद केलेला असला तरी खातरजमा झाल्याशिवाय हात घालता येत नाही. आंब्या-फणसाचा बुंधा आडवा पडला की त्याचा भार फांद्यांवर तोललेला असतो. चुकीची फांदी आधी तोडली तर ओंडका उसळतो किंवा गडगडतो. म्हणून जाणता माणूस आधी टोकाच्या डहाळ्या साफ करतो, मग दोरखंड बांधून बुंध्याचे तुकडे पाडतो आणि शेवटी पहारीने ते कडेला लोटतो. माडाचे तंत्र निराळे. त्याचा बुंधा तंतुमय, कुऱ्हाड त्यात रुतून बसते आणि धार मरते. पेट्रोलवर चालणारे कटर ज्या गावात होते तिथे काम झपाट्याने झाले. पण वीज नाही म्हणजे पंपावर पेट्रोल नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे कटरही मुका.

गावांनी वाट पाहिली नाही. बाहेरून कोणी यायचे तर त्याला वाट हवी, आणि ती आतून मोकळी करणारे हात गावातच होते. टाळेबंदीने परत आणलेले चाकरमानी तरुण इथे उपयोगी पडले. एरवी जूनमध्ये कोकणातली कितीतरी घरे कुलूपबंद असतात किंवा तिथे म्हातारी माणसेच असतात. त्या वर्षी ती भरलेली होती. महामार्गाच्या बाजूने सार्वजनिक बांधकाम विभागाचे जेसीबी आणि आपत्ती दलाचे जवान किनाऱ्याकडे सरकत होते, गावकरी किनाऱ्याकडून महामार्गाकडे. मुख्य रस्ते काही दिवसांत खुले झाले. वाडी-वस्त्यांकडे जाणाऱ्या आतल्या वाटांना आणखी वेळ लागला.

रस्ता खुला झाला तरी वाहतूक सुरू झाली असे नव्हते. एसटी करोनामुळे आधीच मोजकी. पण निदान ट्रक येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर ताडपत्र्या, पत्रे, मेणबत्त्या, पाण्याचे टँकर आणि धान्य आले. मुख्यमंत्री ५ जूनला अलिबागला आले आणि त्यांनी रायगडसाठी तातडीचे १०० कोटी रुपये जाहीर केले. पुढच्या आठवड्यात शरद पवार, देवेंद्र फडणवीस यांचे दौरे झाले. लोकांची मागणी मात्र सगळ्यांकडे एकच होती: छपरासाठी पत्रा द्या, आणि लवकर द्या.

घाईचे कारण आकाशात होते. ११ जूनला नैर्ऋत्य मोसमी वारे हर्णैपर्यंत पोहोचले, १४ जूनला मुंबईत. वादळ आणि मोसमी पाऊस यांच्यामध्ये कोकणाला मिळाले अवघे आठ दिवस. एवढ्या अवधीत हजारो छपरे शाकारणे कोणालाही शक्य नव्हते. कौले मिळेनात, पत्र्यांची टंचाई झाली, सुतार-गवंडी पुरेनात. तेव्हा ज्याला जे सुचले ते त्याने घरावर टाकले, आणि अनेक कुटुंबांचा तो पावसाळा ताडपत्रीखाली गेला.

मग वीज

रस्त्याचे काम कोणीही कुऱ्हाड घेऊन करू शकतो. विजेचे तसे नाही. तिथे क्रम ठरलेला असतो आणि तो मोडून चालत नाही. आधी मोठी वाहिनी उभी करायची, तिच्यावर उपकेंद्र चालू करायचे, मग तिथून निघणारी अकरा केव्हीची वाहिनी, मग गावाचे रोहित्र आणि सगळ्यात शेवटी घरापर्यंत जाणारी लघुदाबाची तार. वरची कडी तुटलेली असेल तर खालच्या शंभर खांबांना काही अर्थ नाही. म्हणूनच गावातला खांब सरळ उभा दिसतो आणि दिवा लागत नाही, याचा राग लोकांनी समोर दिसणाऱ्या लाइनमनवर काढला, जो स्वतःही त्याच गावात छपराविना राहत होता.

महावितरणने राज्याच्या इतर भागांतून कर्मचारी आणि ठेकेदारांची पथके आणली. पण नवा खांब उभा करायला खड्डा खणावा लागतो, आणि कोकणात वीतभर मातीखाली जांभा लागतो. खांब घेऊन येणारा ट्रक मुख्य रस्त्यापर्यंतच येतो. तिथून डोंगरउतारावरच्या वाडीपर्यंत खांब माणसांनी खांद्यावर न्यायचा, तोही पावसात, निसरड्या पायवाटेने. अशा कित्येक वाड्यांत ग्रामस्थांनी खांब वाहिले आणि खड्डे खणले. तालुक्याची गावे आधी उजळली. आतल्या काही गावांना दिव्यासाठी महिना आणि त्याहून अधिक काळ थांबावे लागले.

विजेविना महिना म्हणजे काय हे भारनियमन भोगलेल्या विदर्भाच्या माणसाला सांगायला नको. फरक इतकाच की कोकणात तेव्हा नळाचे पाणीही विजेवर, फोनही विजेवर, बँकेचे व्यवहारही विजेवर. मदतीची रक्कम थेट खात्यात जमा होणार होती, आणि ती काढायला एटीएम चालू नव्हते. ज्याच्याकडे जनरेटर त्याच्या ओटीवर मोबाइल चार्ज करायला रांग लागायची. सरकारने रॉकेल वाटले. बऱ्याच घरांत माळ्यावर पडलेले कंदील पुन्हा खाली उतरले.

शेवटी वाडी

घर पुन्हा बांधता येते, खांब पुन्हा रोवता येतो. कोकणच्या किनाऱ्याचा संसार चालतो तो घरामागच्या आगरावर. तिथे माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीला चढवलेली मिरी, मधून केळी आणि जायफळ अशी थराथरांची शेती असते. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रच श्रीवर्धनला आहे. ही वाडी एका दुपारी झोपली. पोफळ सडपातळ, ती मध्येच मोडली. माड उन्मळले ते पोफळींवरच पडले, आणि जी झाडे वाऱ्याने सोडली ती शेजारच्या झाडाने मारली.

नवे रोप लावले तर पोफळ धरायला सहा-सात वर्षे जातात, माडालाही साधारण तितकीच. म्हणजे २०२० ला लावलेल्या झाडाचे उत्पन्न २०२६-२७ च्या आसपास. मधल्या काळात घरखर्च कुठून भागवायचा, हा प्रश्न कुठल्याच कुऱ्हाडीने सुटणारा नव्हता.

इथे सरकारी मोजमाप अपुरे पडले. राज्य सरकारने नेहमीचे निकष ओलांडून मदत वाढवली, हे मान्य केले पाहिजे. पूर्ण पडलेल्या घराला ९५ हजार १०० रुपयांऐवजी दीड लाख, आणि फळबागेला हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. कापूस-सोयाबीनच्या मुलखात हेक्टरचे माप शोभते. आपल्याकडे पंचनामा म्हटले की सातबारा आणि हेक्टर हेच समोर येते. श्रीवर्धनच्या आगरात माप गुंठ्यांचे, आणि एकेका सातबाऱ्यावर भावकीतली आठ-दहा नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी गेलेल्या माणसाच्या हाती पाच हजार. त्या दहा गुंठ्यांत पावणेतीन मीटर अंतराने लावलेल्या सव्वाशेहून अधिक पोफळी मावतात, वरचे माड वेगळेच. आडवे झालेले लाकूड वाडीबाहेर काढायची मजुरीच या रकमेला पुरून उरणारी होती.

बागायतदारांनी म्हणूनच आग्रह धरला की क्षेत्र मोजू नका, झाडे मोजा. पुढे सरकारने ते मानले आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये व नारळाच्या झाडाला २५० रुपये असा दर ठरवला. मोजण्याची रीत बदलली, हा मोठाच विजय होता. रक्कम मात्र किती? अडीचशे रुपये म्हणजे तेव्हाच्या बाजारातल्या दहा-बारा नारळांचे पैसे, आणि चांगला माड वर्षाला त्याच्या कितीतरी पट देतो. वाडी साफ करणे आणि पुन्हा लागवड करणे यासाठी रोजगार हमी योजनेचा आधार देण्यात आला. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेली ही योजना मराठवाडा-विदर्भाच्या अंगवळणी पडलेली आहे. कोकणात मात्र जॉबकार्ड काढलेली माणसे कमी आणि आपल्याच वाडीत मजूर म्हणून हजेरी लावायची सवयही नाही. त्यामुळे ती रुजायला वेळ गेला.

काय बदलले, काय राहिले

वर्षाच्या आत पुढची परीक्षा आली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि १७ मे च्या रात्री सौराष्ट्राला धडकले. कोकणात पुन्हा झाडे पडली, खांब पडले. मुंबईजवळ समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडून मोठी जीवितहानी झाली. त्यावर २६१ माणसे होती. जमिनीवर इशारा ऐकून माणसे हलली होती. समुद्रातले काम थांबवण्याचा निर्णय ज्यांच्या हाती होता त्यांनी तो वेळेत घेतला नाही. इशारा अचूक असणे आणि तो पाळला जाणे यात किती अंतर असते, हे त्या दुर्घटनेने दाखवले.

त्यानंतर किनाऱ्यावर भूमिगत वीजवाहिन्या, चक्रीवादळ निवारे आणि धूपप्रतिबंधक कामे यांची भाषा सरकारी योजनांत रूढ झाली, आणि कोकणातल्या आपत्ती निवारणासाठी चार वर्षांत ३ हजार २०० कोटी रुपये खर्चण्याचा कार्यक्रमही राज्याने जाहीर केला. भूमिगत वाहिनी महाग असते, पण प्रत्येक वादळानंतर खांब वाहून नेण्यापेक्षा ती स्वस्त पडते, हा हिशेब आता पटू लागला आहे. मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलेले ‘बसरा स्टार’ मात्र वर्षानुवर्षे तिथेच गंजत राहिले. वादळाने एका दुपारी आणून टाकलेली वस्तू हलवायला कायदा, मालक आणि खर्च यांचा मेळ लागतो, आणि तो कुऱ्हाडीने साधत नाही.

‘निसर्ग’ वादळाच्या हिशेबात एक विषमता स्पष्ट दिसते. जे काम गावाच्या हातात होते ते सगळ्यात आधी झाले. जे तंत्रावर अवलंबून होते ते आठवड्यांनी झाले. जे कागदावर अवलंबून होते ते सगळ्यात मागे पडले, आणि जगण्याचा आधार नेमका त्याच रकान्यात होता. रस्ता मोकळा झाल्याचे छायाचित्र काढता येते, दिवा लागला की टाळ्या वाजतात. सहा वर्षांनी धरणाऱ्या पोफळीची बातमी होत नाही. म्हणून ‘जनजीवन पूर्वपदावर’ ही ओळ आपण फार लवकर लिहितो.

ही गोष्ट किनाऱ्यापुरती नाही. गारपिटीत संत्र्याची बाग गेलेला विदर्भातला शेतकरी आणि माड गेलेला दिवेआगरचा बागायतदार यांचे दुःख एकाच जातीचे आहे. दोघांचेही एका हंगामाचे पीक गेलेले नसते, अनेक वर्षांची बाग गेलेली असते, आणि दोघांच्याही पंचनाम्यात ती हंगामी पिकासारखी हेक्टरात बसवली जाते. कोकणाने भांडून झाडे मोजायला लावली. पुढची मागणी झाडाच्या उरलेल्या आयुष्याचे मोल धरण्याची असायला हवी, आणि ती किनाऱ्याइतक्याच जोराने इकडच्या बागांतूनही उठायला हवी.